पडद्यावरून काढलेला झाडू : ऐतिहासिक कादंबरी, नाटक आणि सिनेमाला आम्ही काय विचारावे?

जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या जीवनावरचा अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला प्रदर्शित होणार होता. तो आला २५ एप्रिलला. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले होते, आणि सेन्सॉर बोर्डाने करायला लावलेल्या बदलांची यादीही याच काळात वर्तमानपत्रांतून बाहेर आली. महार, मांग, पेशवाई हे शब्द काढा. गुलामी तीन हजार वर्षांची म्हणू नका, कित्येक वर्षांची म्हणा. आणि झाडू घेतलेल्या माणसाचे दृश्य बदला, त्याजागी सावित्रीबाईंवर शेणाचे गोळे फेकणारी मुले दाखवा.

शेवटचा बदल नीट पाहण्यासारखा आहे. शेण चालते, झाडू चालत नाही. असे का? शेण फेकणारी पोरे दाखवली की प्रेक्षक म्हणतो, त्या काळी काही वात्रट, अडाणी लोक होते. दोष चार पोरांवर जातो आणि विषय संपतो. कमरेला बांधलेला झाडू हा मात्र नियम आहे. आपल्याच पावलांचा माग आपणच पुसत चालायचे, हे कोणा एकाच्या डोक्यातून आलेले नसते. नियम म्हटला की तो कोणी केला, कोणाच्या राज्यात चालला, मोडला तर शिक्षा कोण देत होते, हे सवाल आपोआप उभे राहतात. म्हणून व्यक्तीचा दुष्टपणा पडद्यावर राहू दिला आणि व्यवस्थेची खूण तेवढी पुसली. ज्याने कोणी ही अदलाबदल सुचवली त्याला समाजशास्त्र चांगले कळते, असे आमचे मत आहे.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो: झाडू-मडक्याचा लेखी पुरावा दाखवा, पेशवे दफ्तरातला कागद दाखवा. पुरावा मागणे चूक नाही. पण ही मागणी कोणाकडे केली जाते आणि कोणाकडे केली जात नाही, यातच ऐतिहासिक कथा-नाटक-सिनेमाचे सगळे राजकारण आहे. थोरले माधवराव आणि रमाबाई शनिवारवाड्याच्या गच्चीवर रात्री काय बोलले, याचा कागद कोणी मागितला आहे का? बाजीराव मस्तानीकडे पाहून काय म्हणाला, याची नोंद कोणत्या बखरीत आहे? तिथे 'लेखकाचे स्वातंत्र्य' असते. महालातल्या माणसांना कल्पना मोफत मिळते, महारवाड्यातल्या माणसाने दोन पावले पडद्यावर टाकायची म्हटली की त्याच्याकडे दाखला मागितला जातो.

आणि कागद नाहीतच असेही नाही. पेशवे दफ्तरातून निवडून छापलेल्या कागदांत पंढरपूरच्या चोखामेळ्याच्या समाधीबद्दल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला एक हुकूम आहे. समाधीपुढची जागा अरुंद आहे, दर्शनाला येणाऱ्यांना स्पर्श होतो, ब्राह्मणांची हरकत आहे, तेव्हा अस्पृश्यांनी लांबूनच पूजा करावी, असा त्याचा आशय. चोखोबा महार. समाधी चोखोबाची. आणि चोखोबाच्याच माणसांनी तिथून दूर उभे राहायचे, असा सरकारी हुकूम! एखाद्या नाटककाराला पूर्ण पहिला अंक मिळेल एवढे नाट्य या एका कागदात आहे. पेशवाईवर पाचशे-पाचशे पानांच्या कादंबऱ्या झाल्या, मालिका झाल्या. या कागदाचे नाटक आमच्या पाहण्यात आलेले नाही.

दुसरा पुरावा तर खुद्द पुण्यातला आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातल्या १४ वर्षांच्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे काय होत असे, गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू कसा होत असे, हे ती लिहिते. पेशवाई १८१८ साली बुडाली. म्हणजे मधे अवघी ३७ वर्षे. तिच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिलेला असणार. तिचा निबंध म्हणजे दफ्तरातला कागद नव्हे, हे खरे. दफ्तर लिहिणारा कारकून आणि तालीमखान्यापुढून जीव मुठीत धरून जाणारा माणूस एकाच जातीचे नव्हते, हेही तितकेच खरे. ज्याच्या हातात लेखणी नव्हती त्याच्याकडे लेखी पुरावा मागायचा आणि नाही मिळाला की तो प्रसंग घडलाच नाही म्हणायचे, ही सोय फार जुनी आहे.

मग आपल्यापुढे प्रश्न येतो. कागद अपुरे असतील तिथे आपणही कल्पना लढवावी का? आणि लढवली तर शनिवारवाड्याच्या गच्चीवरच्या कल्पनेत आणि आपल्या कल्पनेत फरक काय?

याचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य कसे झाले, या १९४८ च्या ग्रंथाची प्रस्तावना आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी जरूर वाचावी. हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला आहे. अस्पृश्यतेच्या उगमाचा थेट पुरावा मिळत नाही, साखळीतले दुवे तुटलेले आहेत, मग संशोधकाने हात जोडून बसायचे का, असा सवाल ते तिथे घेतात. जर्मन कवी गटेचा हवाला देऊन इतिहासकाराचे काम खरे-खोटे आणि निश्चित-अनिश्चित वेगळे करण्याचे आहे, हे ते मान्य करतात. मग मॅक्झिम गॉर्कीचा आधार घेऊन सांगतात की शास्त्रज्ञाला आणि कलावंताला, दोघांनाही कल्पनाशक्ती लागते, कारण ज्ञात गोष्टींच्या मधली न सापडलेली कडी तिच्याच मदतीने जोडावी लागते. आणि असे जोडून जे उभे राहते त्याला ते गृहीतक म्हणतात, सिद्ध झालेले सत्य म्हणत नाहीत.

आमच्या मते ऐतिहासिक कादंबरी, नाटक, सिनेमा या सगळ्यांना लावण्याची कसोटी यात आली. जिथे कडी सापडत नाही तिथे कल्पना चालवा. जिथे कडी समोर पडलेली आहे तिथे तिच्यावर कल्पनेचा शालू टाकू नका. आणि जे कल्पिलेले आहे ते कल्पिलेले म्हणूनच समोर ठेवा.

ही कसोटी घेऊन मराठी ऐतिहासिक वाङ्मयाकडे पाहिले तर काय दिसते? १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला जोशीबुवा कसा लुबाडतो, याचे ते नाटक. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि पुढे शंभरहून अधिक वर्षे ते छापलेच गेले नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले आणि वाङ्मयाच्या इतिहासात मराठी ऐतिहासिक नाटकाची सुरुवात म्हणून त्याची नोंद झाली. कुणबीण फडताळात राहिली, पेशवा रंगमंचावर आला. बरोबर १०१ वर्षांनी, १९६२ मध्ये, रणजित देसाई यांची 'स्वामी' आली. नायक पुन्हा तेच थोरले माधवराव. त्यावर दूरदर्शनची मालिका झाली. २०१४ मध्ये 'रमा माधव' हा चित्रपट आला. जवळपास दीडशे वर्षे एकाच तरुण पेशव्याच्या मरणावर महाराष्ट्र रडतो आहे.

'स्वामी' वाईट लिहिली आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ती सरस लिहिली आहे, आणि अडचण तिथेच आहे. तिच्यात पेशवाई ही राज्यव्यवस्था राहत नाही, नवरा-बायकोची गोष्ट होते. १७७२ साली थेऊरला रमाबाई सती गेल्या हे ऐतिहासिक सत्य आहे. एका तरुण बाईला जिवंत जाळणारी प्रथा कादंबरीत प्रेमाच्या परमोच्च बिंदूसारखी वाचली जाते, आणि आपल्या घरातल्या मुलीही ते वाचून डोळे पुसतात. देसाई जन्माने ब्राह्मण नव्हते, हेही लक्षात ठेवा. लेखकाची जात तपासून काम भागत नाही. तो कुठे उभा राहून पाहतो, ते तपासावे लागते.

'घाशीराम कोतवाल'चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. विजय तेंडुलकरांचे हे नाटक डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात आले आणि नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून गदारोळ उठला. १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. कलावंतांनी वेगळी होऊन थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये ते पुन्हा उभे केले. हे ऐतिहासिक नाटक नाही, असे स्वतः तेंडुलकरांनी सांगितले होते. आम्हाला हे नाटक आवडते, ब्राह्मणी सत्तेचा ढोंगीपणा मराठी रंगभूमीवर एवढ्या धीटपणे क्वचितच आला असेल. पण कथेचे हाड पाहा. खऱ्या इतिहासात १७९१ साली पुण्याची गर्दी कोतवालावर धावून गेली, कारण त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. तालीमखान्यापुढे मेलेल्या मांगासाठी पुण्यात अशी गर्दी जमली होती का? जी भिंत रंगमंचावर गात-नाचत उभी असते ती ब्राह्मणांची आहे. त्या भिंतीपलीकडे कोण होते, हे ते बंडखोर नाटकही सांगत नाही. वाद झाला तो घरातल्या घरात.

अलीकडचे वाद तर याहून उथळ. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई पिंगा घालतात म्हणून आक्षेप. 'छावा'च्या झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आक्षेप, आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढण्याचे लगेच मान्य केले. राजाने लेझीम खेळावी का, राणीने नाचावे का, यावर आपल्या राज्यात आठवडेच्या आठवडे चर्चा चालते. चौकटीत कोण दिसतो याची तपासणी होते, चौकटीतच नाही त्याचा विषय निघत नाही. लेझीम ही कष्टकरी गावाची कला. ती खेळल्याने राजा लहान होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी १८६९ साली जोतीरावांनी रचलेला शिवरायांचा पवाडा एकदा उघडून पाहावा. शेतकऱ्यांचा, कुळवाड्यांचा राजा त्यात आहे.

इथपर्यंत आमच्या मित्रांच्या माना डोलत असतील. आता आपल्या घरात येऊ.

मे २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली. नावच 'महामानवाची गौरवगाथा'. वस्त्यावस्त्यांत लोक जेवणे लवकर उरकून ती पाहत होते. विहारात रविवारी वंदनेनंतर मुलांशी बोलताना आम्हाला तिचा फायदा झाला हे नाकारता येत नाही. महाड, नाशिक, पुणे करार हे शब्द मुलांच्या तोंडी आले. पण एकदा एका सातवीतल्या मुलीने विचारले, "बाबासाहेब कधीच हरले नाहीत का?" तिला १९५२ ची निवडणूक माहीत नव्हती. उत्तर मुंबईत नारायण काजरोळकरांनी बाबासाहेबांचा पराभव केला, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव झाला. हिंदू कोड बिलासाठी कायदेमंत्रिपदावर पाणी सोडलेला माणूस, ज्याने राज्यघटनेचा मसुदा केला तो माणूस, मतदारांपुढे हरतो. यापेक्षा मोठे नाट्य कुठल्या पटकथाकाराला हवे आहे? पण डोक्यामागे तेजोवलय आणि पाठीमागे शंखनाद असला की हरणे दाखवता येत नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगणाऱ्या माणसाचीच आपण आरती करतो आहोत. ज्या शैलीत पेशवे देखणे झाले, त्याच शैलीत आपण बाबासाहेबांना बसवायचे आहे का?

भीमा कोरेगावबद्दलही तेच. पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापले, अशी वाक्ये १ जानेवारी जवळ आला की मोबाइलवर फिरतात. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या तुकडीत साधारण पाचशे पायदळ होते, शिवाय घोडेस्वार आणि तोफखान्याची माणसे होती. पायदळात महार मोठ्या संख्येने होते, पण सगळे महार नव्हते. पेशव्याची फौज आसपास अठ्ठावीस हजार असली तरी गावावर चाल करून आलेले सैन्य त्याच्या लहान भागाइतके होते. रात्री पेशव्याचे सैन्य मागे हटले. विजयस्तंभावर ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' प्रत्यय असलेली, म्हणजे महारांची. ज्या काळात महाराच्या सावलीचा विटाळ होत होता, त्या काळात २२ महारांची नावे दगडात कोरली गेली. ही गोष्ट फुगवायची गरजच काय? आकडा फुगवला की समोरचा इतिहासकार तो एक आकडा खोडतो, आणि त्याबरोबर ती २२ नावेही खोटी ठरवून मोकळा होतो. कागद समोर असताना त्यावर कल्पना चढवायची नाही, ही बाबासाहेबांची शिस्त आपल्याला दुप्पट लागू आहे.

कल्पना प्रामाणिकपणे कशी वापरावी याचा धडा आपल्याच माणसांनी दिला आहे. राजकुमार तांगडे यांचे 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे २०१२ मधले नाटक घ्या. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे. त्यात साक्षात यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो. असे घडले होते, असे कोणी समजणार आहे का? गोष्ट उघडउघड अशक्य आहे, आणि तिच्यातून विचारलेला सवाल शंभर टक्के ऐतिहासिक आहे: महाराजांचा विचार कोणाकडे, आणि नुसता जयजयकार कोणाकडे? सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची हीच रीत होती. सोंग हे सोंग म्हणून आणायचे आणि त्याच्या तोंडून खरे बोलायचे. प्रेमानंद गज्वींच्या 'गांधी-आंबेडकर'मध्येही विदूषक आहे, तो दोघांनाही अडचणीचे प्रश्न विचारतो. उलट मखमली 'सत्यकथा' पाहा. दागिने, पैठण्या, दिव्यांच्या माळा सगळे हुबेहूब, माणसे मात्र निम्मीच.

आणि महाडचा सत्याग्रह. २० मार्च १९२७. पडद्यावर तो नेहमी ओंजळीपासून सुरू होतो: बाबासाहेब तळ्याच्या पायरीवर, ओंजळीत पाणी, मागे अथांग गर्दी. दृश्य खरे आहे. पण चरित्रकार धनंजय कीरांनी एक तपशील नोंदवला आहे. परिषदेला आलेल्या हजारो लोकांच्या पिण्यासाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. तळे शेजारी भरलेले, आणि पाणी विकत! ते ४० रुपये कोणी जमवले असतील? घागरी कोणी वाहिल्या, घासाघीस कोणी केली, पाणी देणाऱ्याने ते किती उंचावरून ओतले असेल? परिषदेच्या जुळवाजुळवीत रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक तरुण राबत होते. मोर्चा पांगल्यावर मंडपात आणि रस्त्यात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांचीही घरे होती, रात्री ते घरी परतले तेव्हा काय बोलणे झाले असेल? कागद इथे थांबतो. कादंबरीकाराने इथून पुढे चालावे. तुटलेली कडी म्हणतात ती हीच.

बायकांच्या बाबतीत कागद आणखी लवकर संपतो. रमाई पडद्यावर येते ती गोवऱ्या थापत, अश्रू गिळत. तिचे दुःख खरे आहे, त्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया आल्या होत्या. त्या कशा आल्या, मुले कोणाकडे ठेवून आल्या, घरून किती बोलणी खाऊन आल्या, याची मालिका अजून व्हायची आहे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी गावोगाव फिरून अशा बायांच्या मुलाखती घेतल्या नसत्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आले नसते, तर आज नावेही उरली नसती. सोनी मराठीने २०२० मध्ये 'सावित्रीजोती' ही चांगली मालिका आणली, आणि प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून वर्षभरात गुंडाळली. सेन्सॉर बोर्डाविरुद्ध पोस्ट टाकणाऱ्या आपल्या तरुणांपैकी किती जणांच्या घरी ती लागत होती?

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आईचे बोट धरून गेलेली मुले आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आमच्या भागात दर पावसाळ्यात त्यांतले एखाद-दुसरे कमी होते. पुढच्या चित्रपटातल्या झाडूसाठी कागद मागितला जाईल तेव्हा तो आपल्याला यांच्याकडूनच मिळणार आहे. मोबाइलमध्ये रेकॉर्डर असतो. शेजारच्या आजीकडे जावे, बाबासाहेबांबद्दल काय वाटते हे विचारू नये, त्याचे उत्तर तिने भाषणांतून ऐकलेलेच मिळते. तिला विचारावे, नागपूरला कशाने गेलात, पांढरे लुगडे कोणाचे होते, फडक्यात काय बांधून नेले होते, आणि परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव कोणी उचलले, कुठे नेऊन टाकले.